पाण्याचं काम अप्पांकडे

अप्पांची आठवण आली की मला आधी राग येतो. माया, कृतज्ञता, गळा दाटणं वगैरे लोकांना जे होतं ते मला नंतर होतं, आणि कधी कधी होतही नाही. खरं तर रागावणं हा त्यांचा मक्ता होता. गुलबर्गा जिल्ह्यातल्या अफजलपुरात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि तिथे बोलणी खाल्ल्याशिवाय कुणाचंही काम होत नसे. ट्रॅक्टरवाला असो, जीपवाला असो, नाहीतर एखाद्या साहेबाच्या गाडीचा ड्रायव्हर असो. खांद्यावरचा रेडिएटर खाली ठेवायच्या आत अप्पांचा आवाज चढलेला असे. "पाणी कुठलं घातलास? बोअरचं? कामून घातलास बोअरचं? घरी लेकराला पाजतूस का असलं खारट?" माणूस काही बोलू लागला की, "गप ऱ्हा! इंजनाचा जीव घेऊन आलायस आन् वर त्वांड करायलास!"

लोक मान खाली घालून ऐकून घेत. सोलापूर रस्त्याला दुसरं एक दुकान होतं. तिथे गोड बोलत, बसायला स्टूल देत, चहा पाजत. पण तिथून आणलेला रेडिएटर महिन्याभरात पुन्हा ठिबकायला लागे. मग तोच माणूस चोरासारखा अप्पांच्या दारात. "आलास? चहा कसा व्हता तिथला?" असं अप्पा विचारत आणि पहिल्यापासून सुरुवात करत.

दिसायला माणूस अगदी साधा. साठीला टेकलेला, काटक, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगात ॲसिडच्या थेंबांनी जागोजागी भोकं पडलेली बंडी. घरात कन्नड, गल्लीत मराठी, ट्रकवाल्यांशी दखनी उर्दू. मी एकदा त्यांना म्हणालो, "अप्पा, तुम्ही देवाशी कन्नडमध्ये बोलता, गिऱ्हाइकाशी उर्दूत बोलता आणि शिव्या मात्र आमच्या भाषेत का हो?" अप्पा म्हणाले, "देवाला कळावं म्हनून कन्नड, पैसे मिळावं म्हनून उर्दू, आन् तुला झोंबावं म्हनून मराठी."

त्यांची मोजमापं त्यांची स्वतःची होती. दुकानात थर्मामीटर नव्हता, ठेवूही देत नसत. नळीवर हाताची मागची बाजू टेकवायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. पहिली पायरी 'आंघोळ', म्हणजे पाणी अंगावर घेता येईल इतकं. त्याच्यावर 'बाळंतीण', म्हणजे बाळंतिणीला न्हाऊ घालतात तसं कडक. त्याच्यावर 'चहा'. आणि सगळ्यात शेवटी 'फोडणी'. फोडणी झाली की इंजिन खोलायचं. मी एकदा हट्टाने माझा डिजिटल थर्मामीटर नेऊन त्यांच्या प्रत्येक पायरीला लावून पाहिला. आंघोळ चाळीसच्या आसपास, बाळंतीण पन्नासला, चहा सत्तरच्या जरा खाली. आठ दिवस पाहिलं, एकदाही दोन अंशांच्या वर चूक निघाली नाही. मी कौतुकाने सांगायला गेलो तर माझ्यावरच उखडले. "मंजे आठ दिस तू माझी परीक्षा घेयलास? काम न्हाई का तुला?"

काम तसं नव्हतंच. मी निंबर्ग्याचा. आमच्या आज्याची मेंढरं होती, वडिलांच्या हातात ती राहिली नाहीत. ते दुसऱ्याच्या रानात रोजाने जात. मी सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स केला आणि अप्पांच्या शेजारचा पत्र्याचा गाळा भाड्याने घेतला. मोबाइल फोन नुकते खेड्यापाड्यांत पोचत होते आणि तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर ही अजून नवलाची गोष्ट होती, तेव्हाची ही हकिगत. पहिल्या दिवशी मी पाटी टांगत होतो तर अप्पा हातातलं काम टाकून बाहेर आले. "किती वाकडी लावायलास? पाटी वाकडी मंजे मानूस वाकडा!" ओरडून ओरडून त्यांनी ती चारदा काढायला लावली. दुपारी मात्र त्यांच्या घरून आलेल्या डब्यातल्या चार भाकऱ्यांपैकी दोन माझ्यासमोर होत्या, शेंगाच्या चटणीसकट. "खा. रिकाम्या पोटानं मशीन उघडलास तर इस्क्रू हरवतंय." मग हे रोजचंच झालं. एखाद्या दिवशी मी जेवायला उशीर केला तर भिंतीपलीकडून पत्र्यावर हातोडी वाजे आणि तिच्यापेक्षा मोठ्याने अप्पा वाजत.

त्यांचं काम पाहणं हा एक सोहळा होता. रेडिएटर म्हणजे इंजिनाचं तापलेलं पाणी गार करणारी तांब्या-पितळेची जाळी. तिची तोंडं रबराने बंद करायची, एका तोंडातून हवा भरायची आणि जाळी पाण्याच्या हौदात बुडवायची. जिथून बुडबुडा येईल तिथे खडूची खूण करायची, जागा साफ करून तापवायची आणि कथलाचा डाग देऊन भोक बुजवायचं. एवढं सगळेच करतात. पण डाग दिल्यावर अप्पा तो पुन्हा बुडवत आणि हौदाशी उकिडवे बसून पाण्याकडे बघत राहत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. त्या वेळी दुकानात कुणी बोलायचं नाही. मग उठून एक पितळेची चपटी पट्टी कडेला जोडत आणि ठोशाने, म्हणजे टोकाला अक्षर कोरलेल्या पोलादी छिन्नीने, तिच्यावर आपल्या नावाचं कानडी अक्षर उठवत. "हे अक्षर हाय तवर गळलं तर माज्या दारात आणून टाक. पैसा घेणार न्हाई." ठोसा बसला की ते काम त्यांचं; मग बिघडवलं कुणीही असलं तरी.

या त्यांच्या नियमाचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. पण ते पुढे.

अप्पांचा धंदा मरत होता, आणि तो त्यांच्या चुकीने मरत नव्हता. नव्या गाड्यांना ॲल्युमिनियमचे रेडिएटर यायला लागले होते, वरखाली प्लॅस्टिकच्या टाक्या. त्यांना कथलाचा डाग धरत नाही. गळला की काढा, फेका, नवा घ्या. ज्याला दुरुस्तीच नाही असा माल विकायचा आणि त्याला सुधारणा म्हणायचं, ही अक्कल ज्याला सुचली त्याला एकदा अप्पांच्या हौदासमोर उभं करायला हवं होतं. पहिल्यांदा असला रेडिएटर दुकानात आला तेव्हा अप्पांनी तो उलटासुलटा केला, नखाने खरवडला आणि आणणाऱ्यावर ओरडलेदेखील नाहीत. नुसतं म्हणाले, "ह्यला मी काय करू रं?"

जीपा गेल्या, ट्रक गेले. शेवटी त्यांच्याकडे भरवशाचं म्हणावं असं एकच काम उरलं. गावात उसाच्या वाहतुकीचे एक मोठे मालक होते. त्यांचे अकरा ट्रॅक्टर, सगळे जुने, सगळ्यांना तांब्या-पितळेचे रेडिएटर. हंगामात भीमेच्या काठच्या रानांतून कारखान्यापर्यंत भरलेल्या ट्रॉल्या ओढून त्यांचं पाणी उकळायचं आणि ते अप्पांच्या दारात यायचे. त्या अकरा ट्रॅक्टरांवर अप्पांचं घर चालत होतं. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, मालकांनाही माहीत होतं.

मालकांचा मुलगा गुलबर्ग्याला इंजिनिअरिंग करत होता आणि सुटीत घरी येऊन दिवसभर कॉम्प्युटरवर गेम खेळायचा. साधा कॉम्प्युटर नव्हे. वडिलांकडून ऐंशी हजार काढून माझ्याकडून जुळवून घेतलेला. एवढं मोठं काम मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं. पण अफजलपूरचा उन्हाळा काही ऐंशी हजारांना भीत नाही. एप्रिलमध्ये दुपारी त्यांच्या माडीवर पंख्याखाली बेचाळीस अंश. गेम सुरू केला की दहा मिनिटांत आतल्या चिपचं तापमान चौऱ्याण्णववर जाई आणि मशीन आपोआप बंद पडे. मी पंखे वाढवले, पेटीचं झाकण काढलं, शेजारी कूलर ठेवून पाहिला. गरम हवाच फिरवली तर गार कसं होणार? मुलाने इंटरनेटवर पाण्याने गार होणाऱ्या कॉम्प्युटरांची चित्रं पाहिली होती. ते सामान परदेशातून मुंबईमार्गे मागवायचं तर बावीस हजार. मालक म्हणाले, "बावीस हजारात माजा जुना ट्रॅक्टर निस्ता नवा हुतंय. कायतरी इथंच कर."

मी अप्पांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि अपेक्षेप्रमाणे भडकले. "कॉम्प्युटरला पानी? उद्या टीवीला दूध पाजशील! इजंच्या मशिनीत पानी सोडायलाय लेकाचा!" पाच मिनिटं हे चाललं. मग आवाज जरा खाली आला. "केवढी हाय ती चिप?" मी बोटाच्या पेरावर दाखवलं. "एवढुशी? आन् फोडणीच्या वर जायलीय?" त्या क्षणी माणूस गळाला लागला. संध्याकाळपर्यंत त्यांनी भंगारातल्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरचा वहीएवढा तुकडा कापून बाजूला ठेवला होता.

पंधरा दिवस आम्ही त्याच्यामागे होतो. त्या तुकड्याला दोन्हीकडून पितळी टोप्या बसल्या. चिपवर ठेवायला अप्पांनी तांब्याची जाड चकती घेतली, काच खाली ठेवून तिच्यावर पॉलिश पेपरने ती इतकी घासली की त्यात तोंड दिसावं, आतून पाणी फिरायला खाचा पाडल्या आणि वरून झाकण डागलं. पंप दोनशे रुपयांचा, कूलरमधला. पाणी बॅटरीचं, म्हणजे क्षार काढलेलं. ते मी एकदा विसरून नळाचं आणलं तेव्हा अप्पांनी कॅन माझ्या पायावर ओतला. सगळा खर्च तीन हजारांच्या आत. त्यात अप्पांची मजुरी किती, हे मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा शिव्या मिळाल्या.

माडीवर मशीन सुरू केली तेव्हा भर दुपार होती. गेम लागला. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, तास झाला. आकडा त्रेसष्टवर जाऊन थांबला, तो हलायलाच तयार नव्हता. अप्पांना पडद्यावरच्या आकड्याशी देणंघेणं नव्हतं, त्यांनी परतीच्या नळीवर हात टेकवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बाळंतीण." मी त्या दिवशी जेवढा आनंदात होतो तेवढा माझ्या लग्नातही नव्हतो. अप्पांनी खिशातून पट्टी काढली, रेडिएटरच्या कडेला जोडली आणि तिच्यावर ठोसा मारला.

तेवढ्यात मालकांच्या आई पूजेचं ताट घेऊन माडीवर आल्या. घरात नवीन मशीन आली की ओवाळायचं, कुंकू लावायचं, ही तिथली रीत. पण म्हातारीच्या हातात तांब्यात भीमेचं पाणी होतं आणि ते ती पहिल्या मानाचं म्हणून पंपाच्या टाकीत घालणार होती. अप्पा उडालेच. "अक्का! हात माघारी घ्या! भीमेला गाळ हाय, खार हाय! देव देवळात ऱ्हाऊ द्या, मशिनीत घालू नगा!" त्या घरात मालकांच्या आईवर कुणी आवाज चढवल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. म्हातारी हसली. "बरं बाबा, तुज्या मशिनीला कुंकू तरी चालतंय का?" मालक मात्र हसले नव्हते. मी ते पाहिलं होतं, पण मनावर घेतलं नाही.

चार महिने मशीन सुरळीत चालली. मग श्रावणात मुलाचे गुलबर्ग्याचे मित्र घरी आले आणि त्यांनी आमच्या मशीनला नाकं मुरडली. तांब्याची काळपट चकती, तिच्यावर कथलाचे ओघळ. हे काय कल्हईचं दुकान आहे का, असं कुणीतरी म्हणालं. मुलगा माझ्याकडे आला. त्याला चकतीच्या जागी चकचकीत, दिवा लागणारी वस्तू हवी होती. तशी खरी वस्तू आतून तांब्याची आणि वरून निकेलचा मुलामा, साडेचार हजारांची. मी त्याच्याकडून साडेचार हजार घेतले, हैदराबादला गेलो आणि तिथल्या बाजारात हुबेहूब तशीच दिसणारी ॲल्युमिनियमची वस्तू नऊशेला घेऊन आलो.

गरज होती का? नव्हती. त्या वर्षी माझं बरं चाललं होतं. वडील आजारी होते, गाळ्याचं भाडं थकलं होतं, असलं काही सांगता आलं असतं तर मी इतकी वर्षं स्वतःवर असा चडफडलो नसतो. मी फक्त हुशारी केली. दोन्ही चकचकीत, दोन्ही गार करणाऱ्या, कुणाला काय कळतंय, हा विचार केला. अप्पांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की तांबं आणि ॲल्युमिनियम एका पाण्यात नांदत नाहीत; तांबं शाबूत राहतं आणि ॲल्युमिनियमला पोखरतं. म्हणजे मला अज्ञानाचीही सबब नाही.

नळ्या जोडायला अप्पाच लागणार होते. मी ती वस्तू त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तळव्यावर ठेवून वरखाली केली, जशी बायका बाजारात वांगी जोखतात तशी.

"हलकं हाय रं."

"आतून तांबंच आहे, अप्पा. पातळ पत्रा आहे म्हणून हलकं."

"लई हलकं हाय."

"परदेशी माल आहे. ते तसंच करतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन उभा राहिलो. हे मी फार चांगलं केलं, एखाद्या नटाला जमणार नाही इतकं चांगलं. "बरं, तू म्हनतूस तर," असं म्हणून त्यांनी नळ्या जोडल्या. पाणी फिरवून पाहिलं, सांधे चाचपले. रेडिएटरवर त्यांची पट्टी होतीच.

संक्रांतीच्या आसपास, ऐन उसाच्या हंगामात, ती वस्तू फुटली. पाच महिन्यांत आतून पोखरून सुईएवढं भोक पडलं होतं. पाणी खालच्या बोर्डावर गेलं, ठिणगी उडाली आणि पन्नास-साठ हजारांचं सामान जागच्या जागी मेलं. मुलगा सुटीला घरीच होता. मालकांनी सगळं एका पोत्यात भरलं, जीपमध्ये टाकलं आणि तडक माझ्या गाळ्यासमोर आले. मागून दोन ट्रॅक्टरांचे ड्रायव्हर. पोतं माझ्या उंबऱ्यावर आपटून मालक म्हणाले, "हे काय हाय?"

मी पोत्यात पाहिलं. मला कळायला एक क्षणही लागला नाही. आणि तोंडातून निघालं, "मशीन माझी होती, मालक. पाण्याचं काम अप्पांकडे होतं."

मी खोटं बोललो का? एक अक्षरही खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं हलकट होतं.

अप्पा हात पुसत बाहेर आले. मालक त्यांच्याकडे वळले आणि भर गल्लीत सुरू झाले. "माज्या घरात यिऊन माज्या आईवर वरडलास. मी गप बसलो. म्हनलं, कारागीर मानूस हाय, हातात कसब हाय. हे कसब? पोरानं तोंड वर करून इचारलं मला, कुठल्या भंगारवाल्याकडून करून घेतलाव म्हनून!" बोलताना त्यांनी पायाने पोतं उलटं केलं. नळ्या, पंप, रेडिएटर, सगळं मातीत पडलं. पितळेची पट्टी उन्हात चमकत होती.

आता अप्पा पेटणार, असं मला वाटलं. खरं सांगतो, मला तसं हवं होतं. त्यांनी एकदा ओरडून विचारलं असतं, "काय बसवलास रं तू?", तर माझा धीर सुटला असता, सगळं बाहेर पडलं असतं. सबंध गावावर जन्मभर ओरडलेला माणूस. बोअरच्या पाण्यावरून, वाकड्या पाटीवरून, उशिरा जेवण्यावरून. आणि ज्या दिवशी ओरडायला हवं होतं, ज्या दिवशी ओरडणं हा त्यांचा हक्क होता, त्या दिवशी हा माणूस खाली बसला, रेडिएटर उचलून मांडीवर घेतला, अंगठ्याने पट्टीवरची माती पुसली आणि म्हणाला, "माजा ठोसा हाय ह्याच्यावर. माजंच काम."

"उद्यापून माजा एक बी ट्रॅक्टर ह्या दारात येनार न्हाई," मालक म्हणाले, आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

सांगा, याचा राग येऊ नये? कुणी सांगितला होता हा मोठेपणा? चूक माझी, पैसे मी खाल्लेले, आणि अब्रू गेली ती त्या पितळेच्या दीड इंची पट्टीची. पुष्कळ लोकांना मी ही गोष्ट सांगितली, ते म्हणतात, काय माणूस होता! मला तसं म्हणवत नाही. मला वाटतं, अप्पा, तुमचा हा नियम तुमच्या बायकोला विचारून केला होता का? अकरा ट्रॅक्टर गेले तेव्हा चूल तिची विझणार होती.

दुपारी पत्र्यावर हातोडी वाजली नाही. मीच त्यांच्या दुकानात गेलो. त्यांनी ती चकचकीत वस्तू शिकंज्यात धरली होती आणि करवतीने मधोमध कापत होते. शेवटचा दात फिरला आणि दोन तुकडे झाले. आतून पांढरी भुकटी सांडली, चुन्यासारखी. तांबं असतं तर भुकटी हिरवी असती. दोन्ही तुकडे त्यांनी माझ्यासमोर फळीवर मांडले.

"हात सांगालता मला," अप्पा म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "लई हलकं हाय म्हनून सांगालता. चाळीस वर्सात मी हाताचं कदी मोडलो न्हाई. तुजं ऐकलो."

मग त्यांनी दोन्ही तुकडे भंगाराच्या डब्यात टाकले आणि दुसरं काम हातात घेतलं. काम नव्हतंच, त्यांनी एक जुना, दुरुस्त झालेला रेडिएटर पुन्हा हौदात बुडवला.

दुसऱ्या दिवशी मी दाराशी गेलो तर अप्पांनी फडक्याने स्टूल पुसून पुढे केलं. "या साहेब. बसा." मला वाटलं, टोमणा आहे, टोमणा मला चालला असता. तो टोमणा नव्हता. "चहा सांगू का साहेबांना?" असं त्यांनी तितक्याच सरळपणे विचारलं. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी साहेब झालो. मी पाटी मुद्दाम वाकडी केली, ती तशीच राहिली. मी नळाच्या पाण्याचा कॅन घेऊन त्यांच्यासमोरून गेलो, त्यांनी पाय बाजूला घेऊन वाट दिली. डबा येई, भिंतीपलीकडे डब्याचा आवाज येई, आणि मी माझ्या गाळ्यात बसून वडापाव खाई.

हंगाम संपल्यावर मी मालकांकडे गेलो. आधी का गेलो नाही? भित्रा होतो म्हणून. साडेचार हजार त्यांच्यासमोर ठेवले आणि सगळं सांगितलं: नऊशेचा माल, ॲल्युमिनियम, अप्पांशी मी तोंड वर करून बोललेलं खोटं. मालकांनी ऐकलं आणि ते हसायला लागले. "ते व्हय? अरं, त्या वक्ती डोक्यात राग व्हता. त्याला किती दिस झाले! पोरगं आता बेंगळूरला जायलंय, लॅपटॉप घेतलाय." मी म्हणालो, मग अप्पांचं काम त्यांना परत द्या. मालकांनी ओट्यासमोरच्या अंगणाकडे बोट दाखवलं. तिथे सहा नवे कोरे ट्रॅक्टर उभे होते. "बाकीचे बी काढायलोय. ह्यांना अप्पा काय करनार? ह्यांना त्याचा डाग बसत न्हाई." चहा घेऊन जा, असंही ते म्हणाले. मी चहा न घेता उठलो. त्यांच्या तोंडावर तो कप फेकायला हवा होता, असं मला आजही वाटतं. पण फेकायचा हक्क माझ्याकडे तरी कुठे होता?

अप्पांना मी ते सांगितलं. "बरं केलात," ते म्हणाले.

पावसाळ्याआधी त्यांनी दुकान उचललं. मुलगा पुण्याला एका कंपनीत होता, तिकडे जायचं ठरलं. हवेचा पंप भंगारात गेला, शिकंजा एका गॅरेजवाल्याने नेला, हौद तिथेच राहिला. जायच्या दिवशी मी बसस्टँडवर गेलो. अप्पा आणि त्यांची बायको सोलापूरच्या बसमध्ये चढत होते. दोन पेट्या, एक वळकटी. वळकटी मी टपावर चढवली. खाली उतरलो, अप्पा खिडकीशी बसले होते, आणि मला जे इतके महिने कोंडत होतं ते तिथे सगळ्यांदेखत बाहेर पडलं. मी अक्षरशः ओरडलो त्यांच्यावर. "अप्पा, एकदा तरी बोला! हरामखोर म्हणा, चोर म्हणा, थोबाडीत द्या! सगळ्या गावाला बोललात, मलाच का नाही?"

बसमधले लोक बघायला लागले. अप्पांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. अप्पा थोडे पुढे वाकले, मला नीट ऐकू यावं म्हणून.

"शिव्या आपल्या मानसाला देत्यात, साहेब."

कंडक्टरने घंटा मारली. बस मागे सरली, वळली, आणि फाटकातून बाहेर पडेपर्यंत अप्पा माझ्याकडेच बघत होते; तोंड न फिरवता, स्टँडवरच्या कुठल्याही अनोळखी माणसाकडे बघावं तसे, अगदी सभ्यपणे.